केबलकडून पुन्हा अँटेनाकडे : अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासातील हक्क आणि परवानगी

एखादी नवी वस्तू जुन्या वस्तूची जागा घेते तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावयाचे असतात. जुनी वस्तू कोणते कार्य करीत होती, हा पहिला प्रश्न; आणि नव्या वस्तूने ते सर्व कार्य पत्करले की त्यातील काही भाग वाटेतच टाकून दिला, हा दुसरा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या सुमारे पंधरा वर्षांत लक्षावधी कुटुंबांनी केबल दूरचित्रवाणीची वर्गणी बंद केली. तिच्या जागी त्यांनी छपरावर किंवा खिडकीत अँटेना बसविला, त्याला रेकॉर्डर जोडला आणि इंटरनेटवरून कार्यक्रम दाखविणारे एक लहानसे स्ट्रीमिंग उपकरण दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवले. ह्या घडामोडीस तिकडे ‘कॉर्ड-कटिंग’ असे एकच नाव आहे. नाव एक असल्यामुळे ही एकच क्रिया आहे असा समज सहज होतो. वस्तुतः अँटेना-रेकॉर्डर आणि स्ट्रीमिंग उपकरण यांची कुळे निराळी आहेत. पहिल्याचा आधार प्रेक्षकाचा हक्क हा आहे. दुसऱ्याचा आधार मालकाची परवानगी हा आहे. हा भेद कसा उत्पन्न झाला व तो का महत्त्वाचा आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. केबलचा उगम

केबल ही अँटेनाची प्रतिस्पर्धी म्हणून जन्मास आली नाही; ती अँटेनाचीच लांबविलेली शाखा होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्रे झपाट्याने निघू लागली. त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून व्यत्यय येऊ लागला, तेव्हा फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ३० सप्टेंबर १९४८ रोजी नव्या केंद्रांचे परवाने देणे स्थगित केले. ही स्थगिती एप्रिल १९५२ पर्यंत टिकली. ह्या साडेतीन वर्षांत मोठ्या शहरांतील लोक दूरचित्रवाणी पाहात होते. लहान गावांतील लोकांस तिची केवळ वार्ता ऐकू येत होती. त्यातच दूरचित्रवाणीच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत प्रवास करतात. डोंगर आडवा आला की त्यांची गती खुंटते.

ह्या अडचणीतून काही गावांनी आपापल्या परीने मार्ग काढला. ओरेगॉन राज्यातील ॲस्टोरिया येथे एड पार्सन्स यांनी १९४८ साली एका हॉटेलच्या छपरावर अँटेना उभारून सिॲटल येथील नव्या केंद्राच्या लहरी सुमारे २०० किलोमीटरांवरून मिळविल्या आणि तारेच्या साहाय्याने शेजाऱ्यांस दिल्या. पेनसिल्व्हेनियातील महानॉय सिटी येथे विजेच्या उपकरणांचे दुकान चालविणारे जॉन वॉल्सन यांनीही त्याच वर्षी डोंगरावरील अँटेनापासून गावापर्यंत तार आणल्याचे सांगितले जाते. वॉल्सन यांचा दावा मुख्यतः आठवणींवर आधारलेला असल्यामुळे ‘पहिला कोण’ हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. आपल्या दृष्टीने तो गौणही आहे. दुकानात संच विक्रीस ठेवले आहेत, पण गावात चित्रच दिसत नाही, ही अडचण अनेक ठिकाणी एकाच वेळी होती. उपाय ठिकठिकाणी एकसारखाच निघाला, यात नवल नाही. १९५० साली त्याच पेनसिल्व्हेनियातील लॅन्सफर्ड येथे रॉबर्ट टार्लटन यांनी पँथर व्हॅली टेलिव्हिजन ही कंपनी काढली. तिला मिल्टन शॅप यांच्या जेरॉल्ड कंपनीने यंत्रसामग्री पुरविली, आणि एका गावचा उपाय हा एक व्यवसाय बनला.

ह्या व्यवस्थेचे त्या काळचे नाव ‘सामुदायिक अँटेना दूरचित्रवाणी’ असे होते. ते नाव नीट ध्यानात ठेवले पाहिजे. गावाने वर्गणी दिली ती कार्यक्रमांबद्दल नव्हे. कार्यक्रम हवेतून फुकटच येत होते. वर्गणी होती ती उंच अँटेना व लांब तार यांबद्दल.

२. अँटेना कोणाचा?

सामुदायिक अँटेनामुळे एक कायदेशीर प्रश्न उपस्थित झाला. चित्रपटांचे मालक म्हणू लागले की, आमचा चित्रपट केंद्राने प्रक्षेपित करणे निराळे आणि तिसऱ्याच कंपनीने तो पकडून पैसे घेऊन घरोघर पोहोचविणे निराळे. ह्या दुसऱ्या कृत्यास आमची संमती हवी. वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग व फेअरमाँट येथील केबल व्यवस्थांविरुद्ध युनायटेड आर्टिस्ट्सने लावलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली केबल कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. न्यायालयाच्या विचाराची दिशा अशी की, प्रक्षेपण करणारा एका बाजूस असतो व पाहणारा दुसऱ्या बाजूस. केबल कंपनी पाहणाऱ्याची लहरी ग्रहण करण्याची शक्ती केवळ वाढविते, म्हणून ती पाहणाऱ्याच्याच बाजूची होय. १९७४ साली टेलिप्रॉम्प्टर कंपनीच्या खटल्यात दूरच्या शहरांतील केंद्रांच्या लहरींनाही हेच तत्त्व लावण्यात आले.

काँग्रेसला ही भूमिका मान्य झाली नाही. १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याने ‘प्रयोग’ ह्या संज्ञेची व्याख्या रुंदावली. केबलद्वारा पुनःप्रेषण हाही सार्वजनिक प्रयोग ठरला, मात्र ठराविक शुल्क भरल्यास त्यास कायद्यानेच परवाना मिळावा अशी तरतूद करण्यात आली. अशा रीतीने केबल कंपनी पाहणाऱ्याच्या बाजूकडून प्रक्षेपण करणाऱ्याच्या बाजूकडे सरकली. प्रेक्षकाचा स्वतःचा अँटेना मात्र जेथे होता तेथेच राहिला.

दरम्यान केबलचे अंतरंगही पालटत होते. ८ नोव्हेंबर १९७२ रोजी पेनसिल्व्हेनियातीलच विल्क्स-बॅरे येथे होम बॉक्स ऑफिस ही वाहिनी सुरू झाली. १९७५ च्या सप्टेंबर अखेर तिने मनिला येथील अली व फ्रेझर यांचा मुष्टियुद्धाचा सामना उपग्रहाद्वारा दाखविला. त्यानंतर ईएसपीएन (१९७९), सीएनएन (१९८०), एमटीव्ही (१९८१) अशा वाहिन्या निघाल्या. ह्या वाहिन्या हवेतून मिळतच नव्हत्या. त्यांच्यासाठी केबल घेणे भाग होते. तारेचे भाडे आता मालाची किंमत बनले.

१९९२ च्या केबल कायद्याने ह्या स्थित्यंतराचे वर्तुळ पूर्ण केले. स्थानिक प्रक्षेपण केंद्रास दोन पर्यायांतून एक निवडता येऊ लागला : केबल कंपनीने आपले केंद्र दाखविलेच पाहिजे असा आग्रह धरावयाचा, किंवा दाखविण्यास संमती देण्याचा मोबदला मागावयाचा. मोठ्या केंद्रांनी कालांतराने दुसरा मार्ग स्वीकारला. तो मोबदला अर्थातच वर्गणीदाराच्या देयकात उतरला. जी वाहिनी छपरावरून फुकट मिळे, तिच्याबद्दल आता तारेतून पैसे द्यावे लागू लागले. केबलविषयीच्या असंतोषाची कारणे अनेक आहेत. न पाहिलेल्या वाहिन्यांचे गाठोडे आणि वर्षानुवर्षे चढणारे दर ही त्यांतील प्रमुख होत. परंतु पुढे लोक अँटेनाकडे का वळले ह्या प्रश्नाचे उत्तर विशेषेकरून ह्या तरतुदीत सापडते.

३. जतन करण्याचा हक्क

लहरी ग्रहण करणे ही एक गोष्ट. ग्रहण केलेले जतन करणे ही दुसरी. १९७५ साली सोनी कंपनीने बीटामॅक्स हे घरगुती रेकॉर्डर यंत्र बाजारात आणले आणि १९७६ साली युनिव्हर्सल व डिस्ने ह्या चित्रपटसंस्थांनी तिच्याविरुद्ध दावा लावला. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की, हवेतून फुकट येणारा कार्यक्रम नंतरच्या वेळी पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा न्याय्य वापर होय, आणि असे यंत्र विकणारा दोषी नव्हे. केवळ एका मताचे आधिक्य होते. ते दुसऱ्या बाजूस पडले असते तर अमेरिकन घरातील रेकॉर्डरचा इतिहास निराळा झाला असता.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही, तो इतिहासाच्या साधनांचाही आहे. दूरचित्रवाणी संस्था आपल्या बातम्यांच्या फिती दीर्घकाळ जपून ठेवीत नसत; त्याच फितींवर पुन्हा मुद्रण करण्याची रीत होती. ५ ऑगस्ट १९६८ पासून नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने सायंकाळच्या राष्ट्रीय बातम्या मुद्रित करून ठेवण्यास आरंभ केला. १९७३ साली सीबीएसने त्या विद्यापीठावर दावा लावला. पुढे १९७६ च्या कायद्यात ग्रंथालयांना बातम्यांच्या मुद्रणाची स्पष्ट मुभा देण्यात आली. फिलाडेल्फिया येथील मॅरियन स्टोक्स ह्या बाईंनी तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत घरातील अनेक यंत्रांवर दूरचित्रवाणीच्या बातम्या अहोरात्र मुद्रित केल्या. त्यांच्या सुमारे सत्तर हजार फिती पुढे इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेकडे गेल्या. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती. एका व्यक्तीच्या घरात असे साधन निर्माण होऊ शकले, याचे कारण यंत्र तिच्या मालकीचे होते आणि प्रतही तिच्याच ताब्यात होती.

संख्यांकित दूरचित्रवाणीचा काळ आला तेव्हा ह्या हक्कास पुन्हा आव्हान मिळाले. नोव्हेंबर २००३ मध्ये कमिशनने असा नियम केला की, प्रक्षेपणात एक विशिष्ट खूण असल्यास ग्राहकयंत्रांनी त्या कार्यक्रमाच्या प्रती पसरण्यास प्रतिबंध करावा. ग्रंथालय संघटनांनी ह्या नियमास आव्हान दिले आणि मे २००५ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने तो रद्द ठरविला. लहरी ग्रहण करून झाल्यानंतर घरातील यंत्राने काय करावे हे सांगण्याचा अधिकार कमिशनला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. आजचा अँटेना-रेकॉर्डर ह्या निर्णयाच्या आश्रयाने वाढला आहे.

४. अँटेनाचे पुनरागमन

अँटेना पुन्हा छपरावर चढला त्यामागे दोन सरकारी निर्णय होते. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार कमिशनने नियम केला की, घरमालकाने स्वतःच्या जागेत स्थानिक केंद्रांसाठी अँटेना लावल्यास वसाहतीच्या संघाने वा नगरपालिकेने त्यास अवाजवी अडथळा करू नये. दुसरा निर्णय १२ जून २००९ रोजी अमलात आला. त्या दिवसापर्यंत पूर्ण शक्तीच्या केंद्रांनी जुने प्रक्षेपण बंद करून केवळ संख्यांकित प्रक्षेपण चालू ठेवले. जुने संच निरुपयोगी होऊ नयेत म्हणून सरकारने प्रत्येक कुटुंबास परिवर्तक पेटीसाठी चाळीस डॉलरांची दोन कुपने देऊ केली होती. ह्या बदलामुळे अँटेनाच्या चित्रातील भुते व पांढरे ठिपके गेले, चित्र अत्यंत रेखीव झाले आणि एकाच केंद्राच्या जागेत तीन-चार उपवाहिन्या मावू लागल्या.

रेकॉर्डरलाही ह्या बदलाचा लाभ झाला. संख्यांकित लहरीतून चित्र अगोदरच अंकांच्या रूपात येते. रेकॉर्डरने ते अंक जसेच्या तसे तबकडीवर उतरवून घेतले की काम झाले. एका वाहिनीच्या पट्ट्यातून दर सेकंदास सुमारे १९.४ दशलक्ष बिट येतात, म्हणजे तासाभराच्या मुद्रणास फार झाले तर ८.७ गिगाबाइट जागा लागते. हजार गिगाबाइटांच्या साध्या तबकडीवर शंभराहून अधिक तासांचे कार्यक्रम राहतात. १९९९ साली निघालेल्या टिवो व रीप्लेटीव्ही ह्या यंत्रांनी तबकडीवरील मुद्रणाची सवय लावलीच होती. त्यानंतर टॅब्लो, एचडीहोमरन इत्यादी पेट्या निघाल्या. त्या अँटेनाची तार घेतात व घरातील संगणकजालास जोडल्या जातात. मग दूरचित्रवाणी संचाजवळचे स्ट्रीमिंग उपकरण एकाच पडद्यावर अँटेनाचे थेट चित्र, काल मुद्रित केलेला सामना आणि इंटरनेटवरील चित्रपट दाखविते. केबलच्या पेटीचे काम अशा रीतीने तीन लहान वस्तूंत वाटले गेले.

हेच काम घराबाहेरून करता येईल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर २०१४ साली मिळाले. एरिओ नावाच्या कंपनीने २०१२ साली न्यूयॉर्क येथे प्रत्येक ग्राहकासाठी एकेक इवलासा अँटेना व स्वतंत्र प्रत अशी योजना करून ते चित्र इंटरनेटवरून पुरविण्यास आरंभ केला. अँटेना ग्राहकाचा, प्रत ग्राहकाची, आम्ही केवळ जागा देतो, असे तिचे म्हणणे होते. २५ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते फेटाळले. ही कंपनी १९७६ च्या कायद्यापूर्वीच्या केबल कंपनीसारखीच आहे आणि काँग्रेसने तो कायदा बदलला तो अशाच कृत्यासाठी, असे न्यायालयाने मानले. पुढे लोकास्ट ह्या ना-नफा संस्थेनेही २०१८ पासून असाच प्रयत्न केला, पण न्यायालयीन निर्णयानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये तिला तो थांबवावा लागला. तात्पर्य, अमेरिकन कायद्यात अँटेनाचा हक्क घराच्या उंबरठ्यापर्यंतच आहे. तोच अँटेना, तीच प्रत. पण ती घरात असेल तर हक्क, भाड्याच्या जागेतून आली तर परवान्याचा विषय.

५. परवानगीचे युग

स्ट्रीमिंगचे कूळ मात्र ह्या सर्व इतिहासाबाहेरचे आहे. नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला आणि मे २००८ मध्ये त्यासाठी रोकूची पहिली पेटी निघाली. क्रोमकास्ट (२०१३) व फायर टीव्ही (२०१४) ही उपकरणे त्यामागून आली. २०१५ साली स्लिंग टीव्हीने केबलवरील काही वाहिन्या इंटरनेटवरून देऊ केल्या, आणि होम बॉक्स ऑफिसही केबलशिवाय मिळू लागले. जुलै २०२२ मध्ये नील्सन संस्थेच्या मोजणीत अमेरिकन प्रेक्षकांच्या वेळेतील स्ट्रीमिंगचा वाटा प्रथमच केबलपेक्षा मोठा झाला. मे २०२५ मध्ये तो केबल व हवेतील प्रक्षेपण या दोहोंच्या बेरजेपेक्षाही अधिक भरला.

प्रेक्षकाचा यात लाभ झाला नाही असे म्हणता येणार नाही. दीर्घ मुदतीचा करार गेला, भाड्याची पेटी गेली, निवड वाढली. परंतु स्ट्रीमिंगमध्ये प्रेक्षकाच्या हाती प्रत येत नाही. त्याला मिळते ती पाहण्याची अनुज्ञा, आणि ती देणाऱ्याच्या इच्छेवर व त्याच्या इतर करारांवर अवलंबून असते. आज असलेला कार्यक्रम उद्या यादीतून नाहीसा होऊ शकतो, आणि तो नाहीसा झाल्याचा पुरावाही प्रेक्षकाकडे राहात नाही. बीटामॅक्सच्या निर्णयाने हवेतील लहरींविषयी जो हक्क दिला, तो येथे व्यवहारात वापरताच येत नाही; कारण प्रवाह कुलूपबंद असतो आणि कुलूप तोडणे १९९८ च्या कायद्याने मना केले आहे.

अँटेनाच्या बाजूसही हीच प्रवृत्ती शिरू लागली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये कमिशनने नव्या पिढीच्या प्रक्षेपण-पद्धतीस ऐच्छिक मान्यता दिली. ह्या पद्धतीने प्रक्षेपण करणाऱ्या अनेक केंद्रांनी आपल्या लहरी कुलूपबंद केल्या असून त्या उघडण्यासाठी यंत्रास विशेष प्रमाणपत्र लागते. चित्र अजूनही फुकट आहे. पण ते कोणत्या यंत्राने ग्रहण करावे व जतन करावे याचा निर्णय प्रेक्षकाच्या हातून निसटू लागला आहे. २००५ साली न्यायालयाने जे सरकारला करू दिले नाही, ते आता खाजगी प्रमाणपत्राच्या मार्गाने घडू पाहात आहे. ज्या टिवोने तबकडीवरील मुद्रणाची सवय लावली, त्या कंपनीनेही २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या रेकॉर्डर यंत्रांची विक्री बंद केली.

६. समारोप

ह्या प्रकरणाकडे आपल्याकडील अनुभवाच्या संदर्भात पाहिले असता एक फरक ठळकपणे दिसतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि चाळींच्या व इमारतींच्या छपरांवर अँटेनांची दाटी झाली. १९९१ नंतर केबल आली, ती परदेशी व खाजगी उपग्रह वाहिन्या घेऊन. १९९५ साली तिच्या नियमनाचा कायदा झाला. पुढे दूरदर्शनने आपली जमिनीवरील जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपण केंद्रे बंद केली आणि फुकट प्रक्षेपणाचे कार्य उपग्रहावरील फ्री डिशकडे गेले. साहजिकच आपल्याकडे केबल सोडणाऱ्यास अमेरिकन कुटुंबाप्रमाणे साध्या अँटेनाकडे परत जाण्याचा मार्ग जवळजवळ उरलेला नाही. त्याने छत्री लावावी किंवा स्ट्रीमिंगकडे जावे. हक्क व परवानगी यांतील निवड करण्याचा प्रसंग येण्यापूर्वीच त्यातील एक बाजू येथे क्षीण झाली आहे.

सारांश, अमेरिकेतील केबलचा त्याग ही अँटेनाकडे परत जाण्याची सरळ कथा नाही. पँथर व्हॅलीतील डोंगर आजही तेथेच आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या घरांस अँटेना आजही फारसा उपयोगी पडणार नाही. केबलने पूर्वी जे दोन प्रकारचे कार्य केले, म्हणजे हवेतील चित्र घरी आणणे आणि हवेत नसलेले चित्र विकणे, त्यांपैकी पहिले अँटेना-रेकॉर्डरने उचलले व दुसरे स्ट्रीमिंगने. पहिल्या कार्यामागे १९८४ व २००५ च्या निर्णयांनी दिलेला हक्क उभा आहे. दुसऱ्यामागे केवळ सेवेच्या अटी आहेत. प्रेक्षकांचा ओघ दुसऱ्याकडे आहे. उद्याच्या इतिहासकारास आजच्या दूरचित्रवाणीचा अभ्यास करावयाचा झाल्यास त्याला साधने कोठे मिळतील, हा प्रश्न म्हणूनच आजचा आहे. मॅरियन स्टोक्स यांच्या फिती त्यांच्या घरात सापडल्या. आपल्या काळातील कार्यक्रम शोधण्यासाठी मालकाचे दार ठोठवावे लागेल, आणि ते उघडेलच अशी शाश्वती नाही. विद्यापीठे व ग्रंथालये यांनी जतनाचा हक्क कायद्यात स्पष्टपणे मागून घेतला पाहिजे. व्हँडरबिल्टच्या उदाहरणावरून असे दिसते की, तो मागितल्यास मिळू शकतो.